वार, माळ आणि कोंबडी

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात तळलेली कोंबडी शोधावी लागत नाही. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर दापोडीपासून देहूरोडपर्यंत, नाशिक फाट्यावरून भोसरी-मोशीमार्गे चाकणपर्यंत आणि पुढे तळेगावच्या रस्त्याला, दिवेलागणीला चायनीजच्या गाड्या उभ्या राहतात. मात्र गाडीशी आलेला माणूस भाव विचारण्याआधी सोबत्याला विचारतो, "आज चालतं ना तुला?" मांस खाणे पाप की पुण्य, हे तो विचारत नाही. सोबत्याला ते आज चालते की नाही, एवढेच त्याला हवे असते. मांसाहाराचा दोष नेमका कशात मानायचा, मारण्यात, पदार्थात, दिवसात की खाणाऱ्याने घेतलेल्या व्रतात, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. या पट्ट्यात त्याची चार उत्तरे एकाच रस्त्यावर भेटतात.

तसे होण्याला इथला भूगोल आणि इतिहास कारण आहे. पट्ट्याच्या एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी. दोन्ही इंद्रायणीच्या काठी. पवनेच्या काठी चिंचवडला मोरया गोसावींची समाधी. या तीन क्षेत्रांच्या मधल्या माळरानावर १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि बघता बघता वाड्या-वस्त्यांची १९८२ साली महानगरपालिका झाली. २००० नंतर मोटारींचे मोठे कारखाने चाकणला आले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, बंगाल इथून माणसे आली आणि प्रत्येकाने आपले पंचांग सोबत आणले.

पहिले उत्तर वारकऱ्यांचे. गळ्यात तुळशीची माळ घातली की मद्य-मांस सुटले, एकादशी आणि वारी आली. माळ वार बघत नाही. ती माणसाला बांधते आणि आयुष्यभर बांधते. घरात आजोबा माळकरी आणि नातू खाणारा, असे सर्रास असते. मग आजोबांची भांडी वेगळी राहतात किंवा नातवाचे खाणे उंबऱ्याबाहेर जाते. या व्रतामागचा विचार भूतदयेचा आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण विस्ताराने येते. यज्ञासाठी पशू मारून त्यालाच अहिंसा म्हणणाऱ्या मीमांसकांचा तिथे उपरोधाने समाचार घेतला आहे, आणि औषधासाठी जीव मारणाऱ्या वैद्यकालाही सोडलेले नाही. पावलाखाली किडामुंगी येऊ नये म्हणून जपून चालणारा माणूस हा तिथला आदर्श. नवसाला पावणाऱ्या आणि भक्ताकडे खायला मागणाऱ्या क्षुद्र दैवतांची तुकोबांनी केलेली थट्टाही प्रसिद्ध आहे. इथे दोष मारण्यात आहे, त्यामुळे अमुक दिवशी मारलेले चालेल असे म्हणायला जागाच उरत नाही. २०२२ साली देहूच्या नगरपंचायतीने गावात मांस-मासळीच्या विक्रीला बंदी केली. जे व्रत एकेका माणसाच्या गळ्यात होते ते तिथे गावाच्या वेशीला बांधले गेले.

दुसरे उत्तर ग्रामदैवतांचे. भोसरीचा भैरवनाथ, वाकड-हिंजवडीचा म्हातोबा, आकुर्डीच्या माळावरचा खंडोबा ही या गावांची कारखान्यांच्या आधीची दैवते. अशा दैवतांच्या जत्रेची मावळात आणि घाटमाथ्यावर एक ठरलेली रीत आहे. आधी पुरणपोळीचा गोड नैवेद्य, मग दुसऱ्या दिवशी तिखटाचे जेवण. पुष्कळ ठिकाणी मुख्य देव स्वतः गोडच घेतो. वशाट जाते ते त्याच्या गणांना किंवा परिवारातल्या देवतेला. जेजुरीच्या कथेत खंडोबाने मणी दैत्याला मारले, पण मरताना शरण आलेल्या मणीने देवाजवळ जागा आणि बकऱ्याच्या मांसाचा नैवेद्य मागून घेतला. देव शाकाहारी आणि पायरीशी बसलेला दैत्य मांसाहारी, अशी वाटणी करून परंपरेने दोघांनाही एका आवारात ठेवले. जुन्या महामार्गाने पुढे कार्ल्याला गेले की एकवीरा लागते. कोळी, आगरी आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराण्यांच्या या देवीला कोंबड्या-बकऱ्याचा मान देण्याची परंपरा आहे, आणि तिचे देऊळ उभे आहे ते बौद्ध चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी.

या रीतीत मांस निषिद्ध नाही, पण त्याचा हिशोब द्यावा लागतो. नवसाचा कोंबडा घरच्या अंगणात वाढलेला असतो. तो कोणाला बोललेला आहे हे घरातल्या पोरालाही ठाऊक असते. मारण्याआधी त्याच्यावर पाणी शिंपडले जाते, त्याने अंग झाडले की देवाने कौल दिला असे मानतात, आणि रस्सा भावकीत वाटला जातो. दोष असलाच तर तो देवासमोर उघडपणे पत्करलेला असतो. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या २८ व्या कलमानेही एखाद्या समाजाच्या धर्माला आवश्यक अशा रीतीने केलेली पशुहत्या गुन्ह्यातून वगळली आहे. मुसलमान खाटकाचा नियमही या अंगाने जवळचा आहे: कापताना अल्लाचे नाव घेतले पाहिजे, म्हणजे जीव घेण्याचा अधिकार आपला स्वतःचा नाही हे मान्य केले पाहिजे.

तिसरे उत्तर बौद्धांचे. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, आणि पट्ट्यातल्या बौद्ध वस्तीसाठी ती जागा धम्मभूमी आहे. पाली विनयात भिक्षूसाठी त्रिकोटी परिशुद्धीचा नियम सांगितला आहे. प्राणी आपल्यासाठी मारताना पाहिला नसेल, तसे ऐकले नसेल आणि तशी शंकाही नसेल, तर भिक्षेत आलेले मांस भिक्षूने घ्यावे. इथे दोष पदार्थात नाही आणि दिवसातही नाही. मारणे आणि खाणारा यांच्यातल्या संबंधात आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात या प्रश्नाची दोन्ही टोके सापडतात. मांसभक्षणात दोष नाही, पण निवृत्ती महाफलदायी, असे एकीकडे म्हटले आहे. दुसरीकडे अनुमती देणारा, कापणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा अशा सगळ्यांनाच घातकांच्या यादीत बसवले आहे.

चौथे उत्तर पंचांगाचे, आणि व्यवहारात सर्वांत जास्त चालते ते हेच. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा किंवा गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. ज्यांचा कुळस्वामी खंडोबा त्यांच्यापैकी काहींचा रविवारही जातो. त्यात चतुर्थी, एकादशी आणि अख्खा श्रावण. श्रावण लागण्याआधीच्या आषाढी अमावास्येला, म्हणजे गटारीला, चिकन सेंटरपुढे रांगा लागतात. याच अमावास्येला घरात दिवे उजळून त्यांची पूजा होते. सकाळची दीपपूजा आणि संध्याकाळचा तांबडा रस्सा यांत विरोध आहे असे घरात कोणालाच वाटत नाही.

औद्योगिक वसाहतीने या पंचांगात आणखी एक वार घातला. विजेचा भार वाटून देण्यासाठी भागाभागांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी ठेवल्या गेल्या, आणि या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांच्या वाट्याला गुरुवार आला. सुट्टीचा दिवस आणि दत्ताचा दिवस एकच झाला. ज्या दिवशी निवांत जेवायला वेळ आहे त्याच दिवशी चालत नाही. म्हणून बुधवारची रात्र मोलाची: दुसऱ्या दिवशी शिफ्ट नाही आणि आज वारही मोकळा.

परप्रांतीय कामगारांमुळे पंचांगांचा गुंता वाढतो. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, महाराष्ट्रात अमावास्येनंतर. त्यामुळे बिहारी कामगाराचा सावन मराठी श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि आधीच संपतो. एकाच गाडीवर एकाचे सुटलेले असते तेव्हा दुसऱ्याचे ऐन भरात असते. शारदीय नवरात्रात मराठी कुटुंब उपास करते, त्याच दिवसांत बंगाली कुटुंब दुर्गापूजेला मटण शिजवते. बंगालमध्ये देवीला बळी दिलेल्या बकऱ्याचे कांदा-लसणाशिवाय शिजवलेले मांस चक्क 'निरामिष' म्हणवते. पावित्र्य पदार्थात असते तर हा शब्द निघालाच नसता.

हे सर्व नियम ज्या कोंबडीसाठी घडले ती आता गाडीवर नसते. गावरान कोंबडा खाण्याजोगा व्हायला पाच-सहा महिने लागतात. त्याचे मांस चिवट, म्हणून तो रश्शात तासभर रटरटतो. मराठी स्वयंपाकात कोंबडीचा रस्सा आणि सुके आहे, पण भरपूर तेलात तळलेली कोंबडी जुनी नाही, ती याच कारणाने. तळायला कोवळा पक्षी लागतो, आणि तो दिला ब्रॉयलरने. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजचे मुख्यालय पुण्यात आहे, आणि पुणे हे देशातल्या कुक्कुटपालन धंद्याचे एक मोठे केंद्र बनले. ब्रॉयलरचे पिल्लू पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरते. त्याला अंगण नाही आणि त्याच्यावर कोणाचा नवस नाही.

गाडीवरचा लॉलीपॉप हा याचा शेवटचा टप्पा. पंखाच्या हाडावरचे मांस सुरीने सोडवून एका टोकाला उलटे गोळा करतात. त्याला आले-लसूण, तिखट, मक्याचे पीठ आणि लाल रंग चोळतात, एकदा अर्धवट तळून परातीत ठेवतात आणि गिऱ्हाईक आले की पुन्हा कढईत सोडतात. शेजवान चटणीबरोबर तो कागदी प्लेटमध्ये येतो. उभ्याने खायचा आणि प्लेट टाकून द्यायची. घरची चूल विटाळत नाही, भांडे वेगळे ठेवावे लागत नाही, देवघर नजरेला पडत नाही. घरात जागेचे जे कुंपण होते ते गाडीने न मोडता ओलांडले.

हाच पक्षी चार उत्तरांच्या कसोटीला लावला तर गमतीचे निकाल लागतात. चिकन सेंटरवर गिऱ्हाईक पिंजऱ्यातल्या कोंबडीकडे बोट दाखवते. दुकानदार तिचे पाय धरून ती काट्यावर ठेवतो, वजन सांगतो, मान कापून पिंपात टाकतो. आतली फडफड थांबेपर्यंत गिऱ्हाईक फोन बघते. त्रिकोटीच्या नियमाने हे मांस सरळ बाद, कारण पाहिलेही आहे आणि मारलेही आपल्यासाठीच आहे. गाडीवरचा लॉलीपॉप मात्र त्याच नियमात बसतो, कारण तो कोणासाठी म्हणून मारलेला नसतो. ग्रामदैवताच्या रीतीने निकाल नेमका उलटा: डोळ्यांदेखत कापलेला पक्षी निदान ओळखीचा, परातीतला पंख मात्र बेवारस. मनूच्या यादीने दोघेही अडकतात. वारकऱ्याला दोन्ही सारखेच वर्ज्य. पंचांगाला मात्र फरक पडत नाही. बुधवार असेल तर दोन्ही चालतात.

धर्म आणि तळलेली कोंबडी यांचे नाते मराठी मुलखापुरते नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेनंतर तळलेली कोंबडी हे मानाचे जेवण होते. घरी आलेल्या धर्मोपदेशकाला चांगला तुकडा वाढत, आणि कोंबडीलाच गमतीने 'शुभवर्तमानाचा पक्षी' म्हणत. तिथेही कोंबडी आठवड्यातून एकदा, पाहुण्यासाठी आणि परमेश्वराच्या दिवशी कापली जाई. दुर्मीळ होती तोवर ती धर्माला जोडलेली राहिली. साखळी दुकानांतून ती रोज मिळू लागली तसा तो धागा तिथेही सैल झाला.

वार पाळून खाणाऱ्यांवर ढोंगाचा आरोप नेहमी होतो: सोमवारी जी हिंसा आहे ती बुधवारी कशी नाही? आरोप बिनतोड वाटतो, पण तो चुकीच्या माणसावर केला जातो. वार पाळणारा हिंसा-अहिंसेचा निवाडा करत नसतो. तो जिभेला लगाम घालत असतो. हवे ते हवे तेव्हा खायचे नाही, एवढाच त्या नियमाचा अर्थ आहे, आणि त्या मर्यादेत तो प्रामाणिक आहे. माळही संयमच शिकवते, पण ती त्यापुढे जाऊन जिवाचा प्रश्न विचारते. नवसाची रीत मारण्याची परवानगी देते, पण मारणाऱ्याला देवासमोर उभे करते. त्रिकोटीचा नियम खाणाऱ्याला मारण्यापासून दूर ठेवू पाहतो. चारही नियम अशा काळात घडले की कोंबडी कोणाची, कोणी मारली आणि कोणासाठी, हे सांगता येत असे.

ब्रॉयलरच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांना उत्तर नाही, म्हणून तीन नियम त्याच्यापुरते लंगडे पडतात: नवसाला पक्षी ओळखीचा लागतो, त्रिकोटीची पळवाट कारखाना आपोआप मिळवून देतो, आणि माळ फक्त घालणाऱ्याला वाचवते. टिकतो तो वार, कारण त्याला कोंबडीबद्दल काहीच विचारायचे नसते. म्हणून या पट्ट्यात धर्माने खाणाऱ्याची शिस्त शाबूत राखली आहे; कोंबडीच्या जिवाचा हिशोब मात्र ज्ञानेश्वरीने तो मांडला होता तिथेच राहिला आहे.