जरा थांबून घेऊ

लॅपटॉप आत्ता घ्यावा की जरा थांबून घ्यावा, या प्रश्नावर मी तीन वर्षं विचार केला. बी.कॉम. व्हायलाही मला तीनच वर्षं लागली होती, आणि त्यात विचार असा फारसा करावा लागला नव्हता.

आमचा जुना लॅपटॉप २०१७ च्या दसऱ्याला घेतलेला. किंमत चाळीस हजार. घरी आणल्यावर त्याला हळदकुंकू वाहिलं, तेव्हा एक अक्षत की-बोर्डच्या फटीत गेली, ती आजतागायत तिथेच आहे. पहिली चार वर्षं त्याने इमानेइतबारे काढली. पुढे त्याची बॅटरी गेली. मांडीवर घ्यायचा म्हणून आणलेला संगणक भिंतीतल्या सॉकेटला दावणीच्या गाईसारखा बांधला गेला. सौ. त्याचं बटण दाबून चहाचं आधण ठेवायची. चहा होऊन, पिऊन, कपबश्या विसळून झाल्या तरी पडद्यावर ते गोल चक्र आपलं फिरतच असायचं.

मी बँकेतला माणूस. एखादी वस्तू म्हातारी दिसू लागली की मला दया येण्याआधी घसारा आठवतो. धंद्यातल्या संगणकावर आयकराच्या हिशेबात दरसाल ४० टक्के घसारा धरतात. माझा घरगुती असल्यामुळे मला काही सवलत नव्हती. पण सवयीने मी हिशेब मांडला. चाळीस हजारांचे पहिल्या वर्षी चोवीस, मग चौदा हजार चारशे, असं करत ३१ मार्च २०२५ ला त्याची किंमत ६७२ रुपये राहिली. या पद्धतीची गंमत अशी, की किंमत कमी कमी होत जाते पण शून्य कधीच होत नाही. आपल्याला जुन्या वस्तू टाकवत का नाहीत, याचं इतकं समर्पक कारण मला दुसऱ्या कुठल्या शास्त्रात सापडलेलं नाही.

नव्याची मागणी प्रथम आली ती २०२२ च्या दिवाळीत. मुलीचं कॉलेजचं काम होतं. आणि सौ.ला आईच्या ओव्या उतरवून घ्यायच्या होत्या. माझ्या आईचं माहेर वाईजवळचं. तिच्या आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या तिला पाठ. घरात जातं नाही, पण आई भाजी निवडताना त्या म्हणते. "सगळ्या नीट टाइप करून ठेवू या," असं सौ. म्हणाली. कल्पना उत्तम होती. मी लगेच पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो कंप्युटरमधला.

"मामा, जरा थांब," तो म्हणाला. "पुढच्या वर्षाच्या शेवटी प्रोसेसरची नवी पिढी येतेय. तोवर वाटलं तर जुन्यातली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून घे. दोन-तीन हजारांत पळायला लागेल."

आता नवा घ्यायचाच आहे, तर जुन्यावर तीन हजार कशाला घाला? मी ते केलं नाही. नवा येणार म्हणून जुना दुरुस्त करायचा नाही आणि जुना चालतोय म्हणून नवा आणायचा नाही, या दोन्हींच्या मधली जी जागा असते तिथे मी सहकुटुंब राहायला गेलो.

२०२३ अखेर ती पिढी आली. भाचा म्हणाला, "मामा, आता सहा महिने थांबच. एआयवाले लॅपटॉप येताहेत." २०२४ च्या जूनमध्ये तेही आले. मग, पहिल्या खेपेचा माल घेऊ नये, या आमच्या कॅशियरसाहेबांच्या सल्ल्यावरून थांबलो. २०२५ मध्ये जी.एस.टी. उतरणार अशी हवा झाली. मी म्हटलं, आता तर थांबायलाच हवं. २२ सप्टेंबरला दर खरोखरच उतरले. मोठे टीव्ही, एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉप आधीपासूनच १८ वर होता, तो तिथेच राहिला. पुढे १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ घालावं, तर त्याच्या यादीत प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे. आमचा सातव्या पिढीतला. आपल्याकडे सात पिढ्यांपर्यंत नातं धरतात, तिकडे सातवीपाशीच तोडलं. पण सुरक्षेपुरती आणखी वर्षाची मुदतवाढ आहे असं कळलं, आणि मुदतवाढ हा शब्द ऐकला की बँकेतल्या माणसाचा जीव कसा भांड्यात पडतो.

आता तुम्ही म्हणाल, हा चिकूपणा झाला. तसं नाही. माझ्या बाजूने गणित होतं. गॉर्डन मूर या गृहस्थांनी १९६५ साली सांगून ठेवलं, की चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ साली त्यांनी ते दर दोन वर्षांनी असं सुधारलं. आमच्या धंद्यात एक ७२ चा नियम आहे. ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं. सात टक्क्यांनी ठेवीला दहा वर्षं लागतात. दोन वर्षांत दुप्पट म्हणजे छत्तीस टक्के झाले! असं व्याज नुसतं गप्प बसून मिळत असेल, तर शहाण्या माणसाने गप्पच बसावं. फक्त हा हिशेब शेवटपर्यंत नेला की जरा अडचण होते. उद्याचा लॅपटॉप आजच्यापेक्षा नेहमीच चांगला असणार, तेव्हा तो घ्यायला सर्वांत किफायतशीर दिवस म्हणजे माणसाच्या आयुष्यातला शेवटचा दिवस.

थांबावं की न थांबावं याबद्दल आपल्या पूर्वजांनीही काही स्पष्ट सांगून ठेवलेलं नाही. घाटात पाटी असते, 'अति घाई संकटात नेई'. घाट उतरून गावात आलं की व्याख्याते सांगतात, 'थांबला तो संपला'. म्हणून मी परदेशात चौकशी केली.

अ‍ॅडम ऑस्बोर्न नावाचा एक इंग्रज होता. वडील रमण महर्षींचे भक्त, त्यामुळे त्याचं बालपण तामिळनाडूत तिरुवण्णामलैला गेलं. महर्षींच्या सावलीत वाढलेल्या या मुलाने १९८१ साली अमेरिकेत उचलून नेता येईल असा संगणक काढला. वजन सुमारे अकरा किलो, पडदा पाच इंची. तरी तो धडाक्याने खपला. मग १९८३ साली पुढचं मॉडेल येतंय याची आगाऊ वाच्यता झाली, आणि गिऱ्हाइकं म्हणाली, "मग जरा थांबूनच घेऊ." त्याच सप्टेंबरात कंपनीने दिवाळं काढलं. जाणकार कारणं इतरही सांगतात, पण या प्रकाराला नाव पडलं ते 'ऑस्बोर्न परिणाम' असंच. म्हणजे थांबलं गिऱ्हाईक आणि बुडाला भलताच.

दुसरे केप्लर. ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे सांगणारे. त्यांची पहिली पत्नी १६११ साली वारली. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी अकरा स्थळं पाहिली आणि १६१३ साली त्यांतल्या पाचवीशी लग्न केलं. गणितज्ञांनी अलीकडे या कांदेपोह्यांचं शास्त्र बनवलं आहे. शंभर स्थळं एकामागून एक येणार असतील आणि गेलेलं परत येणार नसेल, तर पहिली ३७ नुसती पाहावीत, सगळ्यांना 'कळवतो' म्हणावं. त्यानंतर जे आधीच्या सगळ्यांहून सरस वाटेल त्याला होकार द्यावा. एवढं करून सर्वांत उत्तम तेच पदरात पडण्याची शक्यता पुन्हा ३७ टक्केच. म्हणजे पासापुरते मार्क.

हे सगळं मी सौ.ला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती गवार मोडत होती. म्हणाली, "आणि त्या बाकीच्या दहाजणी?"

"कुठल्या?"

"केप्लरच्या. त्यांना 'कळवतो' म्हणून सांगितलं असेल ना? दोन वर्षं त्यांच्या घरच्यांनी काय केलं असेल?"

याचा विचार गणितज्ञांनी केलेला नाही. मीही केला नव्हता. सौ. पुढे म्हणाली, "अहो, तुम्ही थांबलात, थांबलात म्हणता, पण तुम्हाला काय झालं थांबून? तुमचं काम बँकेतल्या कंप्युटरवर होतं. रात्री बारापर्यंत त्या चक्राकडे बघत बसायची ती तुमची मुलगी. आणि आई..."

आईपाशी ती थांबली.

दिवाळीच्या दिवसांत आई भाजी निवडताना ओवीची पहिली ओळ म्हणायची, आणि दुसरीला हात थबकायचा. मग पुन्हा पहिली. मला वाटलं होतं, चव घेतेय. फोनवर रेकॉर्ड करावं, तर फोन समोर धरला की आई पासपोर्टच्या फोटोसारखा चेहरा करते आणि गप्प होते. लॅपटॉपची मेमरी दुप्पट होण्याची वाट मी तीन वर्षं पाहिली. त्या तीन वर्षांत आमच्याच स्वयंपाकघरात दुसरी एक मेमरी दरसाल घसारा धरून कमी होत होती, आणि ती माझ्या कुठल्याच हिशेबात नव्हती.

थांबणं वाईट असं मी अजूनही म्हणत नाही. आपल्या एकट्याचं असेल, तर माणसाने खुशाल थांबावं. नवे बूट, नवा सदरा, यांना वाटेल तेवढी मुदतवाढ द्यावी. पण थांबण्यालाही व्याज असतं, आणि ते बहुधा दुसऱ्याच्या खात्यातून वळतं होत असतं. आपल्याला पासबुक दिसत नाही म्हणून आपण त्याला धीर म्हणतो, काटकसर म्हणतो.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. तोवर २०२५ संपत आलं होतं आणि एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांची अशी काही उचल केली होती, की त्यांचे भाव कांद्यासारखे कडाडले होते. दुकानदार म्हणाला, "साहेब, जरा आधी यायला हवं होतंत." मी बिल चुकतं केलं.

नवा लॅपटॉप बारा सेकंदांत तयार होतो आणि आमच्याकडे बघत बसतो. ओव्या टाइप करायला घेतल्या तेव्हा सौ.ने कपाटातून २०२३ सालची बँकेची डायरी काढली. तिने वाट पाहिली नव्हती. पेनाने चौसष्ट ओव्या पुऱ्या लिहिल्या होत्या. पुढच्या तेवीस अर्ध्या. पहिली ओळ लिहिलेली, दुसरीची जागा कोरी. तारखा पाहिल्या तर कोऱ्या जागा सगळ्या डायरीच्या शेवटाकडे. बाकीच्या कामाच्या गडबडीत राहून गेल्या. टाइप करतानाही त्या जागा आम्ही तशाच मोकळ्या ठेवल्या.

परवा भाच्याचा फोन आला. "घेतलास? अरे मामा, जरा थांबला असतास तर..."

पुढचं मी ऐकलं नाही. आत आई मेथी निवडत होती, आणि तिला कुठली तरी दुसरी ओळ आठवली होती.