शेताचा कोपरा कोणाचा?

आपल्या कष्टाने पिकवलेले धान्य सर्वस्वी आपलेच असते काय, हा प्रश्न वरवर पाहता विचारण्याजोगा वाटत नाही. ज्याने नांगरले, पेरले, राखण केली, कापणी-मळणी केली, त्याचाच त्या धान्यावर हक्क, ही गोष्ट आपण स्वयंसिद्ध मानतो. मालकीहक्काचे याहून निर्मळ उदाहरण सांगणे कठीण आहे. परंतु प्राचीन हिब्रू लोकांच्या धर्मग्रंथांत, म्हणजे ख्रिस्ती परंपरा ज्यांना ‘जुना करार’ म्हणते त्या ग्रंथांत, हा प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो आणि तेथे त्याचे मिळणारे उत्तर निखळ होकाराचे नाही. हे उत्तर काय आहे, ते कोणत्या अनुभवातून आले आणि ते देणारा समाज स्वतः त्याला कितपत उतरला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम त्या लोकांचे धान्याशी असलेले नाते ध्यानात घेतले पाहिजे. १९०८ साली गेझेर येथील उत्खननात चुनखडीची एक लहानशी पाटी सापडली. इसवी सनापूर्वीच्या दहाव्या शतकातील म्हणून ती ओळखली जाते. तिच्यावर वर्षाच्या बारा महिन्यांची नोंद आहे. पण ही नोंद देवतांच्या किंवा राजांच्या नावांनी केलेली नसून कामांच्या नावांनी केलेली आहे. पेरणीचे दोन महिने, उशिराच्या पेरणीचे दोन, जवाच्या कापणीचा एक, त्यानंतरच्या कापणीचा एक, अशी ती मोजणी चालते. काळ म्हणजे शेतीच्या कामांचा क्रम, अशी ही धारणा आहे. हिब्रू भाषेत धान्याला ‘दगान’ म्हणतात आणि भाकरीला ‘लेहेम’. हा दुसरा शब्द एकूण अन्नासाठीही वापरला जातो आणि बेथलेहेम या गावाच्या नावाचा रूढ अर्थ ‘भाकरीचे घर’ असाच आहे. कर्ज देताना ऋणकोचे जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण तसे करणे म्हणजे त्याचा जीवच गहाण घेणे होय, असा नियम त्यांच्या धर्मशास्त्रात आढळतो. जाते आणि जीव यांत अंतर न मानणारा हा समाज होता.

ही शेती पावसावर अवलंबून होती. ‘अनुवाद’ या ग्रंथात मोशेच्या तोंडी एक अर्थपूर्ण तुलना आली आहे. इजिप्तची जमीन भाजीच्या मळ्यासारखी माणसाने पाणी देऊन भिजवावयाची असते. ज्या देशात तुम्ही जात आहात तो मात्र आकाशातून पडणारे पाणी पिणारा आहे, असा त्या तुलनेचा आशय आहे. आपल्या शब्दांत सांगावयाचे तर एक बागायत, दुसरी जिरायत. जिरायत शेतकरी आकाशाकडे पाहतो आणि आकाशात कोण आहे, हा प्रश्न त्याच्यासाठी केवळ तात्त्विक राहत नाही. त्या प्रदेशात पाऊस देणारा देव म्हणून बआलची उपासना होत असे. रास शाम्रा येथे १९२९ पासून झालेल्या उत्खननांत उगारित नगरीच्या ज्या मृत्तिकापाट्या मिळाल्या, त्यांवरील बआलकथांमुळे या उपासनेचे स्वरूप पुष्कळच स्पष्ट झाले आहे. होशेय या संदेष्ट्याचा विषाद नेमका हाच आहे, की धान्य, द्राक्षरस आणि तेल कोणी दिले हे या लोकांना उमगले नाही. बआल आणि याहवे यांच्यातील वाद हा अशा रीतीने धान्याचा दाता कोण, याविषयीचा वाद ठरतो. आणि दात्याचा निर्णय झाला, की स्वामित्वाचाही निर्णय आपोआप होतो. जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे आलेले उपरे आणि कुळे आहात, असे ‘लेवीय’ या ग्रंथात ईश्वर बजावतो, ते याच न्यायाने.

जो स्वतःच कूळ आहे, त्याने पीक कसे कापावे? नव्या पिकातील पहिली पेंढी ईश्वरासमोर आणल्याखेरीज नवे धान्य भाजूनही खाऊ नये, हा झाला एक नियम. जवाच्या या पहिल्या पेंढीपासून पन्नास दिवस मोजत गव्हाच्या सणापर्यंत यावयाचे आणि तेथे नव्या गव्हाच्या दोन भाकरी अर्पण करावयाच्या, हा दुसरा. यात विशेष काही नाही. प्रथम पीक देवाला वाहण्याची प्रथा अनेक कृषिसंस्कृतींत आहे. विशेष आहे ते त्याच्या लगोलग येणाऱ्या वाक्यात. सणांची आणि अर्पणांची यादी चालू असताना ग्रंथकार मध्येच थांबतो आणि सांगतो, की कापणी करताना शेताचे कोपरे पूर्णपणे कापू नका आणि गळालेली कणसे वेचू नका. ती गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्या. विधींच्या तपशिलात ही आज्ञा विषयांतरासारखी वाटते. मला मात्र ती त्या प्रकरणाचा गाभा वाटते. देवाला वाहिलेली पेंढी आणि गरिबासाठी राखलेला कोपरा या दोन्ही एकाच खंडाच्या पावत्या आहेत.

कोपऱ्याला हिब्रूत ‘पेआ’ म्हणतात. वेचायच्या कणसांना ‘लेकेत’ असे नाव आहे. त्यासाठी मराठीत ‘सरवा’ हा नेमका शब्द आहे. ‘अनुवाद’ यात तिसरी एक गोष्ट येते: शेतात विसरलेली पेंढी आणण्यासाठी माघारी जाऊ नये, ती उपऱ्याची, अनाथाची आणि विधवेची झाली. विसरण्यालाही येथे नैतिक अर्थ दिला गेला आहे. माणूस जे विसरला त्यावर त्याच्या हक्काची पकड मुळातच सैल होती, असे जणू हा नियम सांगतो. मळणीच्या बैलाला मुसके घालू नये, ही आज्ञाही याच विचारातली आहे. धान्यावरून फिरणाऱ्या मुक्या जनावराचाही त्या धान्यात वाटा आहे.

या वाट्याला काय म्हणावे? आपण त्याला सहज ‘दान’ म्हणू. पण तो शब्द येथे बसत नाही. दानात दात्याची इच्छा असते, त्याला पुण्य असते आणि घेणाऱ्यावर उपकार असतो. ‘बलुते’ म्हणावे, तर बलुते सेवेच्या मोबदल्यात मिळते. आणि येथे विधवेने शेतकऱ्याची कोणतीही सेवा केलेली नाही. सुमारे इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या संहितेत ‘पेआ’ नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात कोपऱ्याचे किमान प्रमाण पिकाच्या एकसाष्ठांश ठरवले आहे. परंतु त्याहून महत्त्वाचा नियम असा, की कोपरा, सरवा आणि विसरलेली पेंढी यांपैकी काय कोणत्या गरिबाला मिळावे, हे ठरवण्याचा अधिकार मालकाला नाही. त्याने देऊ नये. त्याने केवळ बाजूला व्हावे. कोपरा शेताच्या शेवटच्या कडेला का सोडावा, याचीही कारणे पुढे तालमुदात दिली आहेत. मालकाने निवांत वेळ साधून आपल्याच एखाद्या गरीब नातलगाला गुपचूप बोलावू नये, हे एक. आणि कोणता भाग मोकळा सुटेल याची वाट पाहत गरिबांना दिवसभर ताटकळावे लागू नये, हे दुसरे. गरिबाच्या वेळेलाही किंमत आहे, हे मानणारी ही दृष्टी आहे. हा वाटा हक्काचा आहे आणि हक्काच्या वस्तूसाठी कोणाला उपकृत व्हावे लागत नाही.

हा विचार कोठून आला असावा? मला वाटते, त्याचे उत्तर याच ग्रंथांतील धान्याच्या सर्वांत मोठ्या कथेत आहे. फारोने स्वप्नात सात भरलेली आणि सात करपलेली कणसे पाहिली. योसेफाने अर्थ सांगितला, सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरला आणि दुष्काळात देश जगवला. दूरदृष्टीची कथा म्हणून ती सर्वत्र सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु ‘उत्पत्ती’च्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात तिचा जो उत्तरार्ध येतो, त्याकडे तेवढे लक्ष दिले जात नाही. भुकेलेले लोक येतात. पहिल्यांदा त्यांची चांदी संपते, मग गुरेढोरे जातात, मग जमिनी जातात आणि शेवटी ते स्वतःलाच फारोचे गुलाम म्हणून देऊ करतात. पुरोहितांच्या जमिनी तेवढ्या वाचतात. ज्यांच्या शेतांतून ते धान्य कोठारात गेले, तेच लोक त्या धान्यासाठी स्वतःला विकतात आणि प्राण वाचवल्याबद्दल योसेफाचे आभारही मानतात. कथाकार यावर एका शब्दानेही भाष्य करीत नाही.

भाष्य करतो तो ग्रंथांचा क्रम. ‘उत्पत्ती’ संपून ‘निर्गम’ सुरू होतो आणि पहिल्याच अध्यायात योसेफाचे वंशज गुलाम होऊन फारोसाठी पिथोम आणि रामसेस ही नगरे बांधताना दिसतात. ही नगरे कोठारांची आहेत. एका हिब्रू माणसाने उभारलेल्या व्यवस्थेच्या भिंती त्याचीच नातवंडे-पणतवंडे विटा थापून वाढवतात. त्यानंतर सुटका होते, अरण्य लागते आणि तेथे ‘मान्ना’ नावाचे जे अन्न मिळते, त्याचा नियम कोठाराच्या नेमका उलट आहे. प्रत्येकाने माणशी एक ओमेर गोळा करावे. अधिक गोळा करणाऱ्याचे अधिक होत नाही, कमी गोळा करणाऱ्याला कमी पडत नाही. शब्बाथच्या आदल्या दिवसाचा अपवाद सोडला, तर उद्यासाठी ठेवलेल्या अन्नात किडे पडतात. कोठार, गुलामी, मान्ना आणि मग शेताचा कोपरा, या क्रमाने वाचले म्हणजे कोपऱ्याचा नियम आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही. ज्यांनी धान्याच्या पूर्ण मालकीचे टोक अनुभवले, त्यांनी तो केला. विसरलेल्या पेंढीची आज्ञा देताना, तुम्ही इजिप्तमध्ये गुलाम होता हे आठवा, असे कारण ‘अनुवाद’कारानेच दिले आहे. साठवण वाईट, असा याचा अर्थ नव्हे. साठवणीवाचून तो देश मेलाच असता. पण साठवणाऱ्याने कोपरा ठेवला नाही, तर वाचवणे आणि विकत घेणे यांतला फरक नाहीसा होतो, असे या कथा सांगतात.

येथे एक आक्षेप घेतला पाहिजे. हा समाज आपल्या नियमाला जागला काय? नेहमी नाही. शलमोन राजाने वेठबिगारीने नगरे बांधली आणि त्यांत कोठारांची नगरेही होती. ‘राजे’ या ग्रंथात त्यांच्यासाठी ‘निर्गम’मधलाच शब्दप्रयोग आला आहे. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातील आमोस हा संदेष्टा ज्या व्यापाऱ्यांवर तुटून पडतो, ते शब्बाथ कधी संपतो आणि धान्याची वखार कधी उघडते याची वाट पाहत असतात, माप लहान करतात, वजन मोठे करतात आणि गव्हाची सोंडगी विकतात. हा नियम गरिबी नाहीशी करीत नाही, हेही मान्य केले पाहिजे. शेत मालकाचेच राहते. गरिबाला मिळतो तो कोपरा. एकसाष्ठांशाने कोणाचे दारिद्र्य फिटत नाही. तरीही मला या नियमाचे मोल कमी वाटत नाही. आमोसच्या संतापाला आधार मिळतो तो या नियमाचाच. गरिबाचा वाटा हा हक्क आहे असे एकदा लिहून ठेवले, म्हणजे तो न देणे ही कंजुषी राहत नाही. ती चोरी ठरते.

दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे. हा हक्क नेमका कोणाचा? आपल्यातल्यांचा, की परक्याचाही? हिब्रू भाषेत कणसाला ‘शिब्बोलेथ’ असा शब्द आहे. त्याचा ‘प्रवाह’ असाही अर्थ होतो. फारोच्या स्वप्नातील कणसे याच शब्दाने सांगितली आहेत. ‘शास्ते’ या ग्रंथात तो पुन्हा येतो. गिलादचे लोक यार्देन नदीच्या उतारांवर पहारा ठेवून पळणाऱ्या एफ्राइमी माणसांना हा शब्द उच्चारावयास लावतात. ज्याला ‘शि’ म्हणता येत नाही, जो ‘सिब्बोलेथ’ म्हणतो, तो मारला जातो. मेलेल्यांची संख्या ग्रंथात ४२,००० दिली आहे. माणसांना जगवणाऱ्या वस्तूचे नाव माणसे वेगळी काढण्याची खूण बनते, आणि तीही भाऊबंदांतच.

याच शास्त्यांच्या काळात घडलेली म्हणून आणखी एक कथा सांगितली आहे. रूथ ही मवाबी स्त्री, विधवा. मवाबी लोकांना मंडळीत प्रवेश नाही, असा निर्बंध ‘अनुवाद’ यात आहे आणि त्याचे कारण ध्यानात ठेवण्याजोगे आहे: इजिप्तमधून निघालेल्या थकल्याभागल्या लोकांना ते वाटेत अन्नपाणी घेऊन सामोरे आले नाहीत. ज्यांनी अन्न दिले नाही, त्यांच्यातलीच ही रूथ जवाच्या कापणीच्या आरंभी सासू नामीबरोबर बेथलेहेमला येते आणि मी कणसांचा सरवा वेचायला जाते, असे म्हणते. तिच्या तोंडी ‘शिब्बोलेथ’चेच अनेकवचन आहे. येथे तिला कोणी उच्चार विचारीत नाही. शेताचा मालक बवाज, ही मुलगी कोणाची, अशी चौकशी जरूर करतो. ती मवाबी असल्याचे कळल्यावर तिला आपल्याच शेतात वेचायला सांगतो आणि कापणाऱ्यांना पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे गळू द्यायला लावतो. संध्याकाळी तिने झोडलेले जव एक एफा भरतात. पुढे हीच रूथ दाविद राजाची पणजी ठरते. यहुदी परंपरेत गव्हाच्या त्या सणाला रूथची कथा वाचली जाते.

या ग्रंथांना मराठीत आणताना एका व्यक्तीचा या विषयाशी आलेला संबंध सांगितल्याशिवाय राहवत नाही. पंडिता रमाबाईंनी बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून मराठी भाषांतर केले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, ते प्रसिद्ध झाले. रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावले होते आणि पुढे १८९६-९७च्या दुष्काळातून त्यांनी निराधार स्त्रियांना व मुलींना केडगावला आणले होते. कोपरा, सरवा, विधवा आणि उपरा हे शब्द त्यांच्या लेखणीखालून जात असताना ते केवळ भाषांतराचे शब्द राहिले नसावेत.

आज आपल्यापैकी फार थोड्यांच्या हाती विळा आहे. परंतु आपल्या वाट्याला आलेल्या प्रत्येक मिळकतीला, मग ती पगाराची असो, विद्येची असो वा प्रतिष्ठेची, एखादा कोपरा असतोच. तो आपण कापून घेतो की सोडतो, आणि सोडलाच तर तेथे येणाऱ्याला आधी काही उच्चारून दाखवायला लावतो काय, हे ज्याचे त्याने पाहावयाचे आहे.