पाचवी लेव्हल की पहिली?

चौथ्या लेव्हलच्या फायटरने पुढची लेव्हलही फायटरचीच घ्यावी, की विझार्डच्या पहिल्या लेव्हलपासून नव्याने सुरुवात करावी? ज्याला हा प्रश्न पोरकट वाटेल त्याने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्या कुणालाही तो विचारून बघावा. तासभर सुटका होणार नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत हा खेळ काढला. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, एकाने गोष्ट चालवायची (त्याला डीएम म्हणतात) आणि अडेल तिथे फासे टाकायचे. पात्राचा पेशा म्हणजे क्लास, पेशातली चढती म्हणजे लेव्हल. मध्येच दुसरा पेशा जोडला की झाला मल्टिक्लास. पण लेव्हली एकूण वीसच. विझार्डला दिलेली लेव्हल फायटरच्या वाट्यातून गेली.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्या एका मुलीपुढे हा पेच आला तो ग्रुपमधल्या मित्रामुळे. त्याला पुण्यात नोकरी लागली, डीएमने त्याचा विझार्ड एका जळत्या ग्रंथालयात मारून टाकला, आणि त्याची मंत्रांची वही हिच्या फायटरच्या हाती आली. आता ग्रुपमध्ये जादू येणारं कुणी नाही. तिने हे सगळं मामाला सांगितलं. मामा निवृत्त चित्रकला शिक्षक. फासे फक्त सारीपाटाचे माहीत, पण ऐकायची तयारी दांडगी.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," मामांनी निकाल देऊन टाकला. "तलवार चालवतीस नव्हं? चालव की मग."

"तुम्हीच असं म्हणताय मामा? बाबूराव पेंटरांच्या गोष्टी सांगून आमचं डोकं खाल्लं ते कुणी?"

मामा गप्प झाले, कारण घाव वर्मी बसला होता. बाबूराव पेंटर, मूळचे मेस्त्री, आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. सिनेमाने झपाटलेल्या या दोघांनी स्वतःच कॅमेरा बनवायचं ठरवलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले, आणि १९१८ मध्ये बाबूरावांनी तो कोल्हापुरात तयार केला. १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' आला. रंगारी, मूर्तिकार, यंत्र जुळवणारा, दिग्दर्शक, शिवाय स्वतःच्या सिनेमांची पोस्टरंही स्वतःच रंगवणारा.

"आता सांगा, किती क्लास झाले?" भाची म्हणाली.

"मोजू नकोस, क्रम बघ." मामा सावरले होते. "बाप मेस्त्री. लाकूड, लोखंड घरातच. हातात ब्रश होता तो पक्का झालेला. कॅमेरा हाताशी आला तेव्हा चौकट कशी भरायची हे त्यांना नव्यानं शिकायला लागलं न्हाई. तुझ्या फायटरला विझार्डकडं नेण्यासारखं काय येतंय?"

तिच्याकडे उत्तर तयार होतं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मल्टिक्लास हा ऐच्छिक नियम आहे आणि त्याला अट आहे: दोन्ही पेशांना लागणारा मुख्य गुण किमान १३ हवा. म्हणजे फायटरसाठी ताकद किंवा चपळाई, विझार्डसाठी बुद्धी. तिच्या पात्राची बुद्धी १४. शिवाय फायटर म्हणून सुरुवात केल्याने जड चिलखत वापरता येतं, आणि ते अंगावर असताना मंत्रही म्हणता येतात. मूळचा विझार्ड अंगरख्यातच मरतो.

"मग अडलंय कुठं?"

"पाचव्या लेव्हलवर. तिथं फायटरला एका वेळी दोन वार करता येतात. खरा फायटर तिथून पुढं. आणि विझार्डला पाचव्यालाच फायरबॉलचा मंत्र मिळतो. मी आत्ता वळले तर बाकीचे सगळे पाचव्याला पोचतील, नि माझ्याकडं दोन वारही नसतील, फायरबॉलही नसेल. मंत्र मिळतील ते पहिल्या पायरीचे, तेही दिवसातून दोन-तीनदाच."

"मग हिशेबच झाला की. पाचवी घे."

"पण जादूगार आत्ता मेलाय, मामा. वही आत्ता हातात आलीय. गोष्ट आत्ता वळतीय."

आकडे घेऊन आलेली मुलगी गोष्टीची बाजू घेऊ लागली आणि परंपरा सांगणारा मामा हिशेब करू लागला. अशी अदलाबदल चांगल्या वादात होतेच. दोघांनाही ती जाणवली नाही.

मामांनी मग वीरधवल खाडेचं नाव काढलं. कोल्हापूरचा जलतरणपटू, २००८ ला ऑलिंपिकला गेला, २०१० च्या एशियाडमध्ये ब्राँझ. सरकारने तहसीलदार केलं, सरावात मोठा खंड पडला. परत पाण्यात उतरून २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलला चौथा आला. ब्राँझ हुकलं एक शतांश सेकंदानं. "दुसऱ्या पेशाची किंमत काय, तर एक शतांश," मामा म्हणाले.

"आणि स्वप्नील कुसाळे? राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस, आणि पॅरिसला २०२४ मध्ये रायफलीत ब्राँझ. त्याचं काय करायचं?"

या दोन उदाहरणांची बेरीज-वजाबाकी करून काही हाती लागणार नाही. नोकरी हा खेळाडूने आवडीने जोडलेला क्लास नसतो; बहुतेकदा ती पोटाची सोय असते, आणि एका नोकरीत सरावाला किती मोकळीक मिळते तितकी दुसरीत मिळतेच असं नाही. मामांनाही हे पटलं असावं, कारण त्यांनी वाद सोडून गाण्याचा विषय काढला.

शाहू महाराजांच्या दरबारी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी आमलेटा संस्थानात अतिगाण्याने गेला होता. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. मग त्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी बांधली: लयीला घट्ट धरणारी, पेचदार तानांची. धृपदाचं घराणं आणि ख्यालाची तालीम दोन्ही अंगात होतं, त्यातून जयपूर-अत्रौली उभी राहिली. "पहिलं हत्यार मोडलं म्हणून दुसरं घडवलं," मामा म्हणाले. "तुझी तलवार कुठं मोडलीया?"

"मामा, तो मल्टिक्लास नाही. तो सबक्लास!"

हा भेद बारीक आहे, पण सगळी मेख त्यातच आहे. फायटरला तिसऱ्या लेव्हलला आपल्याच पेशातली एक शाखा निवडावी लागते. त्यात एल्ड्रिच नाइट नावाची शाखा आहे, ती तलवारीसोबत थोडी जादूही देते, तेही पेशा न सोडता. हिने तेव्हा चॅम्पियन ही शाखा घेतली होती, कारण तेव्हा जादूगार जिवंत होता. खाँसाहेब गाणं सोडून दुसरीकडे गेले नाहीत, गाण्याच्या आतच वळले. घर बदलण्याआधी घरातल्या घरात खोली बदलून भागतं का, हे बघायला हवं. हिच्यासाठी ती वेळ निघून गेली होती.

"मग भास्करबुवा बखले घ्या," आता तीच उदाहरणं पुरवू लागली होती. "फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, आणि मग अल्लादिया खाँ. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर. तीन क्लास."

"व्हय. पण दर गुरूपाशी जाऊन बसायला लागतंय. आधीचं येतंय म्हणून नवीन फुकट मिळत न्हाई."

भाची हसली, कारण या खेळाच्या जुन्या नियमात हेच लिहून ठेवलं होतं. १९७८ च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीत एल्फ, बुटके वगैरे मंडळी दोन-तीन पेशे एकदम चालवू शकत आणि मिळालेला अनुभव त्यांच्यात वाटला जाई. माणसाला ती मुभा नव्हती. माणसाने पहिला पेशा थांबवायचा, दुसऱ्यात पहिल्या लेव्हलपासून यायचं, आणि दुसरा पहिल्याच्या पुढे जाईपर्यंत जुनी विद्या वापरायची नाही. वापरली तर त्या मोहिमेचा अनुभव गेला. अटही कडक: सोडायच्या पेशाचा मुख्य गुण १५ आणि धरायच्या पेशाचा १७ हवा.

"एल्फ हजार वर्षं जगतो म्हणून त्याला सगळं जमतं होय?" मामांना हा नियम फारच आवडला. "बरोबर हाय. माणसानं पाटी कोरी करूनच बसावं."

"मग बाबूरावांनी ब्रश खाली ठेवला होता?"

नव्हता ठेवला. कोरी पाटी सगळ्यांना लागू नाही. कॅमेऱ्यामागे रंगाऱ्याचा डोळा कामाला येतो. जयपूरची तान घेताना आग्र्याची सवय मध्ये येऊ शकते. तलवार मंत्राच्या वाटेत येते की त्याला आडोसा देते, हे नियमपुस्तक सांगत नाही. ते तिलाच ठरवायचं होतं.

ती बराच वेळ एकट्या आपल्या पात्राबद्दल बोलत होती, हे मामांच्या लक्षात आलं. "बाबूरावांच्या कंपनीला पैसा कुणी दिला ठाऊक हाय? तानीबाई कागलकरांनी. गाणाऱ्या बाईनं. तू नवशिकी असतीस तवा तुझा भार कोण घेणार?"

प्रश्न अवघड होता. पाचव्या लेव्हलच्या शत्रूंसमोर अर्धी फायटर आणि शिकाऊ विझार्ड उभी राहिली, तर मार बाकीचे खाणार. तिने प्रभातचं उदाहरण दिलं. महाराष्ट्र फिल्म कंपनी सोडून १९२९ मध्ये कोल्हापुरातच पाच जणांनी प्रभात काढली. शांताराम दिग्दर्शक, धायबर कॅमेऱ्यामागे, फत्तेलाल कलेचे, दामले तंत्राचे, आणि पैशाला सीतारामपंत कुलकर्णी. पाच पेशे, पाच माणसं. कुणाला दुसऱ्याचं काम ओढायची घाई नव्हती. बोलपट आला तेव्हा ध्वनीचं काम दामल्यांनी अंगावर घेतलं. आणि दामले-फत्तेलाल जोडीने 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला तो १९३६ मध्ये, धंद्यात बरीच वर्षं मुरल्यावर.

"दामल्यांसारखंच की," ती म्हणाली. "ध्वनी आला, कुणीतरी शिकायला हवंच होतं. आमच्याकडं जादूची जागा रिकामी आहे."

"पण दामले तवा नवखे होते का?"

यावर ती थोडा वेळ वहीतल्या आकड्यांशी खेळत बसली. पाचवी फायटरची घ्यायची. दोन वार हातात येतील, कुणावर भार पडणार नाही. सहावी विझार्डची. मधल्या काळात मेलेल्या विझार्डची वही पिशवीत राहील. ती उघडेल, पण अक्षर लागणार नाही. गोष्टीला हे चालेल का? मामांच्या मते गोष्टीला हेच हवं होतं. तिला ती पळवाट वाटत होती: शोक आत्ता आहे आणि शिकणं सवडीने, असं कसं? हा मुद्दा मामा खोडू शकले नाहीत.

"पण शिकवणार कोण?" त्यांनी भलतंच विचारलं. "वही हाय, गुरू कुठाय?"

पाचव्या आवृत्तीत गुरू लागत नाही, लेव्हल चढली की विद्या आलीच. १९७९ च्या डीएमसाठीच्या पुस्तकात मात्र लेव्हल चढायला शिकवणाऱ्याकडे काही आठवडे राहून सोन्याची नाणी मोजावी लागत. ते ऐकून मामा एकदम खूश झाले. आयुष्यभर शिकवणी घेतलेल्या माणसाला फीचा नियम रास्त वाटणारच. तिने तिथेच डीएमला मेसेज टाकला: सहाव्याला विझार्ड, पण शिकवणारा म्हातारा हवा, तिरसट हवा, आणि पुढच्या दोन मोहिमांतली लूट त्याने फी म्हणून आधीच मागून ठेवावी.