एका ओळीत दोन मापं लिहू नकोस

"सर, मिलिमीटर चांगलं की इंच-सूत, एकदाचं सांगून टाका," असा तुझा निरोप आला. सांगतो. देवपूरच्या घरी गच्चीवर तू सुतारकामाची जी खोली थाटली आहेस, तिथं मिलिमीटर वापर आणि फक्त मिलिमीटर वापर. तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं. पण मी तुला तेवढ्यावर सोडणार नाही. तुझ्या कपाटाचा खण मापपद्धतीमुळे अडकलेला नाही. तो तुझ्या निष्काळजीपणामुळे अडकला आहे, आणि त्याचं खापर तू माप सांगणाऱ्या मिस्त्रींवर फोडलंस. त्याचा मला राग आला आहे.

तू पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो मी नीट पाहिला. कपाटाची रुंदी ६०० मिलिमीटर. खोली 'दीड फूट'. प्लाय 'पाऊण इंची'. चॅनलला जागा 'चार सूत'. एकाच पानावर फूट, इंच, सूत आणि मिलिमीटर. हे पान करवत हातात घेण्याआधीच मी फाडायला लावलं असतं.

आता हिशेब कर, माझ्यासमोर बसल्यासारखा. बाहेरून ६००, दोन्ही बाजूंना १८ चा प्लाय, म्हणजे आत ५६४ उरले. इथवर तू बरोबर होतास. मिस्त्रींनी सांगितलं, चॅनलसाठी दोन्हीकडे चार-चार सूत सोड. तू सूत म्हणजे तीन मिलिमीटर धरलंस, दोन्हीकडचे मिळून २४ वजा केलेस आणि खण ५४० चा केलास. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. इंच २५.४ मिलिमीटरचा, म्हणून सूत ३.१७५ चं आणि चार सूत १२.७ चे. टेलिस्कोपिक चॅनलला प्रत्येक बाजूला जेवढी जागा लागते, ती बरोबर एवढीच. म्हणजे खण ५३८.६ चा हवा होता. तू तो जवळजवळ दीड मिलिमीटर जास्त रुंद केलास, हातोडीनं ठोकून आत बसवलास आणि वर म्हणतोस की चॅनल खराब निघालं. चॅनल खराब नव्हतं. मिस्त्रींचं मापही चुकीचं नव्हतं, ते मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत बरोबर होतं. चुकीचं होतं ते तुझं 'तीनचं सूत'.

दुसरी चूक याहून वाईट आहे. त्याच दीड फुटाची तू एका पानावर दोन उत्तरं काढलीस. कपाटासाठी इंच २५ चा धरलास, ४५० आले, त्यात पाच सुटीचे घालून आतली खोली ४५५ ठेवलीस. खण करायला बसलास त्या दिवशी कुठूनतरी २५.४ आठवलं आणि खणाची लांबी ४५७ घेतलीस. म्हणून खण मागच्या प्लायवर आपटतो आणि पुढं दोन मिलिमीटर बाहेर राहतो. तुझ्या हातातलं ते 'अठरा इंची' चॅनल एकदा तरी टेपला लावून पाहिलंस का? दुकानात अठरा इंची म्हणून जे मिळतं ते बहुधा ४५० मिलिमीटरचं असतं. पाऊण इंची म्हणून मिळणारा प्लाय १८ मिलिमीटरचा असतो, १९.०५ चा नाही, आणि पुष्कळदा मोजल्यावर त्याहूनही थोडा कमी भरतो. अमेरिकी व्हिडिओ पाहून तू 'टू बाय फोर'चं टेबल करायला निघाला होतास, ते लाकूड रंधून झाल्यावर दीड इंच बाय साडेतीन इंच असतं. वस्तूचं नाव हे माप नाही. वस्तू हातात आल्यावर ती मोजायची आणि मोजलेला आकडा वहीत लिहायचा, हे मी तुम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

मिस्त्रींबद्दल तू जे बोललास ते मला जास्त लागलं. "त्यांना एमएम कळत नाही, ते अजून सुतातच अडकलेत." तू ज्या माणसाबद्दल हे बोललास, त्यांच्या हातचे सांधे तू पाहिले आहेस. त्यांनी सागाच्या चौकटी केल्या, त्यात पोस्टकार्ड शिरत नाही. त्यांच्या पिढीनं शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी पाठ केली होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे तुला सांगावं लागेल, त्यांना लागत नाही. रुपयाचे सोळा आणे, शेराच्या सोळा छटाका, इंचाचे आठ सूत, म्हणजे सगळं निम्मं-निम्मं करत जाणारं. सव्वासात इंचाचं निम्मं किती, असं विचारलं तर ते 'साडेतीन इंच एक सूत' असं टेप न उघडता सांगतात. वखारीत चार बाय अडीचची, सात फुटी चौकट उचलली की किती घनफूट झाली, हे मालकाच्या कॅलक्युलेटरच्या आधी त्यांच्या तोंडून निघतं. ती पद्धत त्यांच्या डोक्यात पूर्ण आहे. तिच्यात ते चुकत नाहीत.

तुझ्या डोक्यात ते पाढे नाहीत. तुझा दोष नाही त्यात. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, १९५६ च्या कायद्यानं १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं-मापं टप्प्याटप्प्यानं लागू झाली, आणि पुढं शाळांतून पावकी-निमकी गेली. तू दहाच्या पाढ्यावर वाढलास. तुला २४३ चं निम्मं सहज सांगता येतं, नऊ इंच पाच सुताचं निम्मं काढायला तू मोबाइल शोधतोस. म्हणून तुला मिलिमीटर सांगतो आहे. इंच हीन आहे म्हणून नाही. ज्याचे पाढे तुझे आहेत तेच माप तुझ्या हातात सुरक्षित आहे.

दुसरं कारण तुझ्या कामाचं आहे. तू पेटारे आणि चौकटी करत नाहीस, प्लायची कपाटं करतोस. त्या कपाटांचं सगळं सामान मिलिमीटरमध्ये जन्मलेलं आहे. आत लपणाऱ्या बिजागरीच्या वाटीचं भोक ३५ चं. फळीच्या खुंट्यांची भोकं ५ ची, एकमेकांपासून ३२ वर आणि कडेपासून ३७ वर. हे तू इंचात करायला गेलास तर प्रत्येक भोकाला एक भागाकार आणि प्रत्येक भागाकाराला एक चूक. सागाच्या जुन्या घराची डागडुजी करणाऱ्याला मी हेच सांगेन असं नाही. त्या घराची दारं, चौकटी, तुळ्या इंचात घडलेल्या आहेत. तिथं इंचच धरावा.

जळगावच्या सराफ बाजारात कधी उभा राहिला आहेस? गिऱ्हाईक तोळ्यात बोलतं, सराफही तोळ्यात बोलतो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आज बाजार दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. पण काट्यावर ग्रॅम आणि बिलात ग्रॅम. अर्धा दागिना तोळ्यात आणि अर्धा ग्रॅममध्ये तोलणारा सराफ त्या बाजारात टिकला नसता. रावेर-यावलचा केळीवाला घे. मोठ्या पाइपला तो 'तीन इंची' म्हणतो आणि ९० मिलिमीटरचा पाइप घेऊन येतो, ठिबकची नळी मात्र 'सोळा एमएम' म्हणूनच मागतो. बोलण्यात दोन्ही चालतात, पण जोडणी करताना तो पाइपवर छापलेला आकडा वाचतो. वाचला नाही तर त्याची बाग सुकते. तू ज्या मुलखात वाढलास तिथला शेतकरी हे रोज करतो. तुला पदविका घेऊनही ते जमू नये?

दोन मापं एकत्र आली की शहाणी माणसंसुद्धा चुकतात, हे मी मानतो. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं एक बोइंग ७६७ हवेत असताना त्याचं इंधन संपलं. कॅनडा तेव्हा मेट्रिककडे वळत होता. विमानाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. लिटरचं वजन काढताना १.७७ हा पौंडांचा गुणक वापरला गेला आणि आलेला आकडा किलो समजला गेला. निम्म्याहूनही कमी इंधनावर विमान उडालं. वैमानिकांनी ते इंजिनाविना तरंगवत गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, म्हणून माणसं वाचली. पौंडात सगळा हिशेब झाला असता तरी विमान पोचलं असतं, किलोत झाला असता तरी पोचलं असतं.

आता काय करायचं ते ऐक. घरात तीन टेप आहेत म्हणतोस. एका कामाला एकच टेप. साधा दुसऱ्या वर्गाचा, म्हणजे वर रोमन दोन छापलेला टेप पाच मीटरला १.३ मिलिमीटरपर्यंत चुकलेला चालतो. एक टेप इकडे आणि दुसरा तिकडे चुकला की तुझा सांधा गेला. टेपच्या टोकाचा हूक हलतो म्हणून तू तो ठोकून घट्ट केलास, हेही फोटोत दिसलं. तो हलण्यासाठीच असतो. बाहेरून माप घेताना तो ओढला जातो, आतून घेताना दाबला जातो, आणि त्याची स्वतःची जाडी हिशेबातून वजा होते. तो टेप आता बाजूला ठेव. शक्य असेल तर फक्त मिलिमीटरच्या खुणांचा टेप घे. दोन्ही बाजूंना खुणा असलेल्या टेपवर घाईत डोळा वरच्या ओळीवर जातो.

वखारीत आणि प्लायच्या दुकानात मात्र तुझा मिलिमीटर मिरवू नकोस. तिथं घनफूट आणि 'आठ बाय चार' चालतं, तिथं त्यांच्या मापात बोल, भाव कर, पैसे दे. घरी आल्यावर तो तक्ता मोज. तो २४४० बाय १२२० भरेल, आठ फुटांचे २४३८.४ नाही. मग त्याच आकड्यावर काम. आणि करवतीच्या पात्याची जाडी विसरू नकोस. आठ फुटांतून दोन-दोन फुटांचे चार तुकडे निघतात असं कागदावर दिसतं. पातं तीन मिलिमीटर खातं. ६१० चे तीन तुकडे कापलेस की चौथा ६०१ चा उरतो. मागच्या वेळी तुझी चौथी फळी आखूड झाली ती प्लायवाल्यानं फसवलं म्हणून नव्हे.

अर्धा-पाव मिलिमीटरचाही हट्ट नको. खण आणि चॅनल यांत तो हवा, सागाच्या फळीत नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि ऑगस्टमध्ये भिंती ओल धरतात. सागाची ३०० मिलिमीटर रुंद फळी या दोन महिन्यांत रुंदीत दोन-तीन मिलिमीटर हलते. लांबीत जवळजवळ हलत नाही. तिला हलायला जागा ठेवली नाहीस तर ती तुझी चौकट फोडेल, मग माप कुठल्याही पद्धतीचं असो. सांध्याला सांध्याची खरी फळी लावून खूण कर. जिथं वस्तूवरून वस्तूवर खूण घेता येते तिथं आकडा लिहूच नये. मिस्त्री निम्मं काम असंच करतात. त्यांचा टेप खिशातच राहतो, हे तू पाहिलं असशील, पण त्याचं कारण कधी विचारलं नाहीस.

तुझ्या हातात कसब आहे. वर्गात रंधा तुझ्यासारखा कुणी चालवत नव्हतं, म्हणून हे लिहितो आहे. नाहीतर अडकलेल्या खणाचे फोटो मला पुष्कळ येतात आणि मी त्यांना उत्तर देत नाही. तो ५४० चा खण दुरुस्त करत बसू नकोस, बाजू घासून प्लायचे थर उघडे पडतील. मोडून टाक. कपाटाची आतली रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोज, सगळ्यांत कमी आकडा धर, त्यातून २५.४ वजा कर आणि नवा खण कर. लांबी ४५० ठेव. सगळं मिलिमीटरमध्ये, एका पानावर, पेन्सिलीनं. कापण्याआधी ते पान मला दाखव.

आणि मिस्त्रींच्या घरी जाऊन त्यांची माफी माग. फोनवर नको. त्यांनी सांगितलेले चार सूत बरोबर होते, हे त्यांना तुझ्या तोंडून कळलं पाहिजे.