अग्निशौच

देवीमाहात्म्यात चंड आणि मुंड शुंभासुरापुढे त्याच्याच वैभवाची यादी वाचतात. ऐरावत, पारिजात, उच्चैःश्रवा, ब्रह्मदेवाचं हंसविमान. आणि त्यातच अग्नीने दिलेली दोन 'अग्निशौच' वस्त्रं. म्हणजे मळली की आगीत टाकायची आणि स्वच्छ झाली की बाहेर काढायची. कवीच्या मनात नेमकं काय होतं कोण जाणे, पण त्या शब्दापाशी आलो की मला ॲस्बेस्टॉस आठवतो. तेराव्या शतकात मार्को पोलोनेही आगीत धुतलं जाणारं असं कापड वर्णिलं, आणि ते खनिजाच्या धाग्याचं असतं हे बजावून सांगितलं.

ॲस्बेस्टॉस या ग्रीक शब्दाचा अर्थ 'न विझणारा'. जे पेटतच नाही ते विझणार कसं, असा प्रश्न पडतो. फुप्फुसात शिरल्यावर मात्र ते नाव खरं ठरतं.

ॲस्बेस्टॉस हे सहा तंतुमय खनिजांचं सामाईक नाव. पांढरा क्रायसोटाइल सर्पेंटाइन कुळातला, त्याचे तंतू नागमोडी. निळा क्रोसिडोलाइट, तपकिरी अमोसाइट आणि उरलेले तिघे अँफिबोल कुळातले, सुईसारखे सरळ. सरळ तंतू फुप्फुसात जास्त काळ ठाण मांडतात, एवढ्या फरकावर पांढऱ्याचे व्यापारी आजवर वकिली करत आले. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सहाही प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत. नाग मवाळ की जहाल, हा वाद दंश झालेल्याच्या कामाचा नसतो.

ब्रिटनमधल्या रॉचडेलच्या गिरणीत ॲस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली कर्शॉ १९२४ मध्ये तेहतिसाव्या वर्षी वारली. फुप्फुसं तंतूंनी दगडावलेली. ब्रिटनमध्ये धुळीचे नियम आले १९३१ मध्ये, आणि पांढऱ्यासकट पूर्ण बंदी १९९९ मध्ये. मधल्या पंचाहत्तर वर्षांत अज्ञान थोडं होतं, सोय फार होती. शिवाय ॲस्बेस्टॉसचे रोग घाई करत नाहीत. छातीच्या अस्तराचा कर्करोग, मेसोथेलिओमा, धूळ श्वासात गेल्यावर तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. तोवर कारखाना बंद, मुकादम गेलेला, हजेरीवही वाळवीने खाल्लेली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हे काळाचं गणित अचूक ओळखलं. कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर जपा, असा आदेश दिला. एवढा दूरवर पाहणारा आदेश विरळा. पण पांढरा ॲस्बेस्टॉस भारतात आजही आयात होतो आणि सिमेंटच्या पत्र्यांत जातो. गावच्या शाळेवर, गोठ्यावर, चाळीच्या वाढीव खोलीवर तोच पत्रा. धड असेतोवर तंतू सिमेंटमध्ये बांधलेले राहतात. कापला, भोकं पाडली, फोडला की सुटतात. आणि फोडायला येतो तो नाक्यावरचा रोजंदारी मजूर. त्याच्या कामाला लागल्याची तारीखच कुठल्या वहीत नसते, मग चाळीस वर्षं मोजायची कुठून?

तेव्हा तुमच्या घरावरचा जुना पत्रा उतरवायचा असेल, तर ते काम जाणकाराकडेच द्या. पत्रा आधी भिजवून घ्यायला सांगा, घणाने फोडू देऊ नका, अख्खा उतरवून घ्या. खाली पडलेला चुरा कोरडा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि मुलांना तिथे फिरकू देऊ नका.