रिकाम्या शनिवारचा हक्क

अमेरिकेत उगम पावलेल्या ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथात दर आठवड्याला दोन सभा, शिवाय दारोदार प्रचार. प्रचाराचे तास दरमहा कळवावे लागत; सर्वसाधारण प्रचारकांपुरती ही पद्धत नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. पंथ सोडणाऱ्याच्या हाती अचानक मोकळा शनिवार येतो. कोणी गिटार शिकतो, कोणी बागेत रमतो.

याला चैन म्हणावे काय? आम्हाला तसे वाटत नाही. ही फुरसत फुकटची नव्हे. बहिष्कृताशी अनेकदा आईबापही बोलणे टाकतात. आणि तास मोजण्याची सवय लगेच सुटत नाही. छंदातूनही काही ‘निष्पन्न’ व्हावे, असे मन बजावत राहते. (आपल्या घरांतही रिकामा बसलेला मुलगा कोणाला बघवतो?) वर्षानुवर्षे तास लिहून देणाऱ्याने एखादी सकाळ बेसूर गिटार वाजवण्यात घालवली, तर तिचा जाब आम्ही तरी का मागावा?