पान आणि पाकळी

कुळगीच्या रानात पोपट झाडावर दिसतो. जत्रेत तोच पिंजऱ्यातून बाहेर येऊन भविष्याचे पान चोचीने उचलीत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये देशी पोपट पाळणे निषिद्ध आहे. विचारणारे मात्र आहेतच. आता ते टॅरोची तीन पाने मांडून भूत, वर्तमान, भविष्य पाहतात. ही पाने पंधराव्या शतकात इटलीत निव्वळ खेळण्यासाठी वापरीत!

आमचा कौल निराळा, असे आम्ही अभिमानाने म्हणतो. गोमंतकात व कोकणात देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात व उजवी पडते की डावी, हे पाहतात. तेथे श्रद्धा आहे खरी. परंतु डावा कौल आला की आम्ही प्रश्न फिरवून पुन्हा विचारतो आणि उजवा येताच थांबतो. मग पान पुन्हा उचलविणाऱ्याहून आम्ही वेगळे कसे?

याहून मनास टोचते ते दुसरेच. मुलीच्या लग्नाचा कौल लावतेवेळी मुलगी सभामंडपातच बसलेली असते. तिचे मन कळण्यास पाकळी लागत नाही; दोन पावले जाऊन विचारले की पुरे. ती पावले आम्ही टाळतो. पाकळीने नकार दिला तर दोष कोणावर येत नाही. मुलीने दिला तर वरपक्षास आम्हांसच सांगावे लागते.